हौशी चित्रकार राजा : औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी

आमच्या महाविद्यालयात छायाचित्रणाची हौस असलेली आम्ही आठ-दहा मुलेमुली आहोत. महिन्यातून एकदा, बहुधा शनिवारी दुपारी, ग्रंथालयामागच्या खोलीत आम्ही आपापली छायाचित्रे मोठ्या टेबलावर मांडतो आणि एकमेकांच्या चित्रांवर बोलतो. नाव प्रतीच्या मागे लिहायचे, पुढे नाही, असा आमचा नियम आहे. म्हणजे चित्र कोणाचे हे कळण्याआधी मोकळेपणाने बोलता यावे. खरे सांगायचे तर कोणते चित्र कोणाचे हे सर्वांना ठाऊकच असते. गेल्या पावसाळ्यात एका मैत्रिणीने आठवडे बाजारातील एका म्हाताऱ्या भाजीवालीचा चेहरा टिपून आणला. उजेड सुरेख पडला होता, डोळे बोलके होते. पण त्या दिवशी सगळ्यांनाच जणू परीक्षकाचा अंगरखा चढला होता. एकाने चित्र नुसते गोड आहे म्हणून बाजूला सारले, दुसऱ्याने गरिबांच्या सुरकुत्या टिपण्यात काय मोठेपण असा सवाल केला, तिसऱ्याने तर चित्राकडे न पाहताच मान हलविली. मीही त्यात होतो. ती पुढच्या दोन बैठकांना आली नाही.

मराठी विभागातील आमच्या एका सरांच्या कानावर हे गेले. त्यांनी उपदेश काही केला नाही. एखाद्या रविवारी औंधला जाऊन संग्रहालय पाहून या, एवढेच सुचविले. आम्ही गेलो. खूप आग्रह केल्यावर मैत्रीणही आली. तेथे जे पाहिले आणि परत आल्यावर ग्रंथालयात बसून जे वाचले, त्यातून एका माणसाचे चरित्र आमच्यापुढे उभे राहिले. ते येथे सांगावयाचे आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील वाचकांना त्यातील पुष्कळ गोष्टी ऐकून ठाऊक असतील. पण सूर्यनमस्कारांचा राजा या एकाच ओळखीखाली हा माणूस इतका झाकला गेला आहे की, त्याची दुसरी ओळख पुन्हा करून देण्यास हरकत नसावी.

श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म 24 ऑक्टोबर 1868 रोजी झाला. प्रतिनिधी हे पद मराठी राज्यात राजाराम महाराजांच्या जिंजीच्या काळात निर्माण झाले आणि पुढे परशुराम त्र्यंबकांच्या घराण्यात स्थिरावले. एकोणिसाव्या शतकापर्यंत त्या मोठ्या पदाचे उरले होते ते एक लहान संस्थान. लहान तरी किती! सुमारे 500 चौरस मैल, 72 गावे, आणि तीही एका जागी नव्हेत. औंध साताऱ्याच्या खटाव भागात, आटपाडी दुष्काळी माणदेशात, कुंडल कृष्णेच्या खोऱ्यात आणि गुणदाळ तर थेट विजापूरकडे. एखाद्या फाटक्या नकाशाचे तुकडे वाऱ्याने उडून चार ठिकाणी पडावेत तसे हे राज्य होते. आज त्यातील आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यात आहेत, औंध सातारा जिल्ह्यात.

बाळासाहेब धाकटे, तेव्हा गादी आपल्याकडे येईल अशी अपेक्षा ठेवण्याचे कारण नव्हते. शिक्षण साताऱ्यास आणि पुण्यास झाले. डेक्कन कॉलेजातून ते बी.ए. झाले आणि कायद्याच्या अभ्यासासाठी मुंबईस गेले. चित्रे काढण्याचा नाद लहानपणापासून होता. कीर्तनाचीही आवड होती आणि ती त्यांनी आयुष्यभर सोडली नाही. राजा होऊनही हा मनुष्य लोकांपुढे कीर्तनास उभा राहत असे. वडिलांच्या हाताखाली काही वर्षे त्यांनी दरबारचे काम पाहिले. पुढे वडील गेले, थोरल्या भावाची कारकीर्द थोडक्यात संपली, पुतण्यास इंग्रज सरकारने पदच्युत केले आणि 1909 च्या नोव्हेंबरात बाळासाहेब गादीवर आले. त्या वेळी त्यांचे वय एक्केचाळीस होते. म्हणजे माणूस घडून पुरा झालेला होता. राजेपण त्याच्यावर मागाहून चढले.

येथे एक गंमत नमूद करावीशी वाटते. 1867 ते 1869 या तीन वर्षांत जन्मलेली चार माणसे पुढे औंधच्या चित्रांत आणि इतिहासात एकत्र आली. महादेव विश्वनाथ धुरंधर 1867 सालचे, श्रीपाद दामोदर सातवळेकर त्याच सालचे, बाळासाहेब 1868 चे आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर 1869 चे. चौघांनाही तारुण्यात चित्रकलेचे वेड होते. धुरंधर जे. जे. स्कूलमध्ये शिकले, तेथेच शिक्षक झाले आणि नामांकित चित्रकार म्हणून गाजले. सातवळेकरही जे. जे. स्कूलचेच विद्यार्थी. लक्ष्मणराव चित्रकला शिकावयास तेथे गेले, पण त्यांना काही रंगांतील भेद नीट कळत नाही असे आढळून आल्याने रंगाचा मार्ग सोडून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले, आणि त्या वळणावरून पुढे लोखंडी नांगर निघाला. बेळगावातील जागा सोडावी लागली तेव्हा याच लक्ष्मणरावांना बाळासाहेबांनी कुंडलजवळची माळरानाची जमीन दिली. 1910 साली त्या माळावर निवडुंगाच्या जागी किर्लोस्करवाडी उभी राहिली. एका हौशी चित्रकाराने रंग सोडलेल्या दुसऱ्या चित्रकाराला जमीन द्यावी आणि तेथे कारखाना निघावा, असा योग इतिहासात फार वेळा येत नाही.

चौघांत बाळासाहेब हे एकटेच खरेखुरे हौशी. हौशी हा शब्द आपण हल्ली किंचित हिणवून वापरतो. ज्याला पोटासाठी ते करावे लागत नाही आणि म्हणून ज्याचे फारसे मनावर घेऊ नये, असा. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिचे सभासद बव्हंशी असेच होते : कोणी लष्करी अधिकारी, कोणी व्यापारी, कोणी डॉक्टर. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या एतद्देशीय सभासदांपैकी एक. ही मंडळी एकत्र जमत, आपापल्या प्रती मांडीत, रसायनांची आणि काचांची चर्चा करीत. सोसायटीचे स्वतःचे नियतकालिकही निघत असे. आम्ही शनिवारी जे करतो ते नवे नाही, याचा शोध मला या निमित्ताने लागला आणि थोडी लाजही वाटली. कारण त्या मंडळींना एक प्रत काढण्यासाठी जेवढे कष्ट पडत, तेवढ्या कष्टांत आमची शंभर चित्रे होतात.

बाळासाहेबांची स्वतःची चित्रे पौराणिक आणि ऐतिहासिक विषयांवरची आहेत. 1916 साली त्यांचे चित्ररामायण प्रसिद्ध झाले. रामाच्या जन्मापासून कथा चित्राचित्रांतून पुढे सरकते. या चित्रांविषयी स्पष्टच बोलायचे तर त्यांत मोठ्या प्रतिभेचा स्पर्श नाही. आकृती कित्येकदा ताठ उभ्या राहतात, जणू नाटकातील पात्रे टाळ्यांसाठी थांबली आहेत. हातांना जेवढे सांगायचे असते तेवढे चेहऱ्यांना सांगता येत नाही. पण पोशाख, दागिने, केशरचना, रथ, आसने यांकडे पाहा. तेथे हा माणूस कमालीचा जागरूक आहे. त्या काळी घरोघरी रविवर्म्याच्या छापील तसबिरी लागल्या होत्या आणि त्यांतील सीता नि द्रौपदी नऊवारी लुगडे नेसून उभ्या होत्या. लोकांना ते खटकत नव्हते. आपल्या घरच्या बायका जशा दिसतात तशाच देवादिकांच्या दिसाव्यात हे त्यांना गोड वाटे. बाळासाहेबांना मात्र हे खटकत असे. प्राचीन काळचा पोशाख प्राचीन शिल्पांत आणि भित्तिचित्रांत पाहावा, मग कुंचला उचलावा, हा त्यांचा आग्रह होता. या आग्रहापायी ते अजिंठ्यास गेले, वेरुळास गेले, बरोबर चित्रकार नेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करवून घेतल्या आणि दोन्ही ठिकाणांवर इंग्रजीत पुस्तके लिहिली. वेरुळाचे पुस्तक 1929 चे, अजिंठ्याचे 1932 चे. संस्थानिक शिकारीच्या आणि पोलोच्या गप्पा मारीत होते त्या काळात हा संस्थानिक लेण्यांच्या अंधारात मूर्तीच्या कमरेचा पट्टा कसा बांधला आहे ते पाहत होता.

याच आग्रहाचे सर्वांत मोठे फळ औंधात नाही, पुण्यात आहे. महाभारतावर चित्रे काढावयाची तर मुळात महाभारतातील पाठ कोणता खरा मानावयाचा, हा प्रश्न येतोच. एका पोथीत एक प्रसंग, दुसरीत दुसरा. 1918 साली बाळासाहेबांनी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरास महाभारताच्या सचित्र चिकित्सक आवृत्तीसाठी एक लाख रुपये देण्याचे जाहीर केले आणि पुढच्या वर्षी त्या कामास आरंभ झाला. 1925 साली डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर संपादक झाले आणि संस्कृत विद्येतील एक प्रचंड कार्य उभे राहिले. विद्वानांनी पाठभेद तपासले आणि राजाने चित्रे दिली. आज त्या आवृत्तीची जगभर जी कीर्ती आहे ती पाठचिकित्सेमुळे, चित्रांमुळे नव्हे. चित्रांकडे अभ्यासकांचे लक्षही फारसे जात नाही. पण या थोर कामाच्या मुळाशी एका हौशी चित्रकाराची ओढ होती, हे विसरले जाऊ नये असे मला वाटते.

आता कॅमेऱ्याकडे वळतो, कारण आमच्या मंडळींना खरा रस तेथे होता.

पंडित सातवळेकर हे नाव आपण वेदांचे भाष्यकार म्हणून ऐकतो. शंभरी ओलांडून 1968 साली ते वारले तेव्हा त्यांच्यामागे वेदांवरील ग्रंथांचा डोंगर होता. परंतु वयाच्या पन्नाशीपर्यंत या गृहस्थांची उपजीविका कुंचल्यावर आणि कॅमेऱ्यावर चालत होती. प्रथम हैदराबादेस आणि मग लाहोरास त्यांनी स्टुडिओ थाटला. राष्ट्रीय चळवळीतील लेखनापायी त्यांना सरकारी रोष, खटला, कारावास असे सारे सोसावे लागले. स्टुडिओ हा त्या धकाधकीतील पोटापाण्याचा आधार. त्या काळी चित्रकार आणि छायाचित्रकार हे दोन धंदे फारसे वेगळे नव्हते. गिऱ्हाईक येई, काचेच्या पट्टीवर त्याची छबी घेतली जाई. तेवढा वेळ त्याने हलता कामा नये. मग त्या काचेवर बारीक पेन्सिलीने हात फिरवून चेहऱ्यावरचे डाग, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळजी घालविली जाई. मोठी प्रत काढून तीवर तैलरंग चढविले की रावसाहेबांची तसबीर दिवाणखान्यात लावण्यास तयार. उजेड कोठून घ्यावा, हनुवटी किती उचलावी, कोणत्या बाजूने नाक बरे दिसते, हे ज्याला कळे तो धंद्यात टिके. आम्ही ज्याला पोर्ट्रेट म्हणतो त्याचे सगळे व्याकरण या स्टुडिओंतून घडले. किर्लोस्कर मासिकाचे संपादक शंकरराव किर्लोस्कर यांनीही तरुणपणी लाहोरास याच सातवळेकरांजवळ चित्रकलेचे धडे घेतले होते.

असे हे सातवळेकर 1918 साली औंधास आले. बाळासाहेबांचा आश्रय होता. तेथे त्यांनी स्वाध्याय मंडळ स्थापिले, छापखाना चालविला आणि वेदांच्या संहिता शुद्ध स्वरूपात छापून काढल्या. तीस वर्षे ते औंधात राहिले. राजाश्रयाला आलेला पंडित म्हणजे होयबा, अशी आपली समजूत असते. पण सातवळेकरांनी संस्थानातील प्रजेच्या चळवळीतही भाग घेतला, आणि तरीही राजाने त्यांना औंध सोडावयास लावले नाही. एक धंदेवाईक, पदक मिळविलेला चित्रकार आपल्या हाकेच्या अंतरावर राहतो आहे आणि आपण स्वतः हौशी आहोत, या स्थितीत पुष्कळांना अडचण वाटते. आमच्या खोलीत तर ती नेहमीच वाटते. ज्याचा हात चांगला त्याला आम्ही चित्रे दाखवावयास कचरतो. बाळासाहेबांनी मात्र आयुष्यभर आपल्याहून सरस हाताची माणसे मुद्दाम जवळ आणली.

कॅमेऱ्याचा उपयोग बाळासाहेबांनी निराळ्याच कामासाठी केला. तरुणपणी त्यांचे शरीर स्थूल होते. युजेन सँडो या युरोपीय बलवानाचे नाव तेव्हा सर्वत्र दुमदुमत होते, आणि त्या कीर्तीत छायाचित्रांचा वाटा मोठा होता. पिळदार शरीराच्या त्याच्या छब्यांची कार्डे विकली जात. बाळासाहेबांनी सँडोच्या पद्धतीचा व्यायाम बरीच वर्षे केला. पुढे मिरजेच्या राजेसाहेबांच्या उदाहरणावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग त्यांनी तो ध्यासच घेतला. मराठीत आणि इंग्रजीत पुस्तके लिहिली. नमस्काराच्या एकेका स्थितीचे छायाचित्र छापून पाठ, मान, गुडघे कोठे असावेत हे दाखविले. 1936 साली ते इंग्लंडला गेले तेव्हा तिकडच्या वृत्तपत्रांना या विषयाचे कुतूहल वाटले, आणि लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादिलेले त्यांचे पुस्तक 1938 साली लंडनमध्ये निघाले. आज जगभर योगाच्या वर्गांतून सूर्यनमस्कार घातले जातात त्याच्या मागे हा प्रचार आहे.

या छायाचित्रांकडे आम्ही प्रथम चित्रे म्हणून पाहिले आणि निराश झालो. पार्श्वभूमी सपाट, उजेड साधा, सौंदर्याची काही आसक्ती नाही. मग कोणीतरी म्हणाले की ही चित्रे पाहण्यासाठी नाहीतच, स्वतःला तपासण्यासाठी आहेत. वाचकाने पुस्तक उघडे ठेवावे, तसे उभे राहावे आणि आपली पाठ चित्रातल्यासारखी आहे की नाही ते पाहावे. रंगवलेल्या चित्राने हे काम झाले नसते. चित्रकार कमरेला बाक देईल, गुडघा सरळ करील. कॅमेऱ्याच्या साक्षीवर वाचकाचा अधिक विश्वास बसतो. ज्याने आयुष्यभर देवदेवतांना सुंदर केले त्याच राजाने शरीर शिकविताना कुंचला बाजूला ठेवला, ही निवड मला विचार करण्यासारखी वाटते.

एवढे कौतुक केल्यावर दुसरी बाजू लपवू नये. सूर्यनमस्कार संस्थानातील शाळांतून सक्तीचे होते. राजाची हौस ही रयतेची सक्ती होते, ही राजेशाहीची जुनीच खोड आहे. आणि पैशाचे काय? आटपाडीकडे पाऊस फिरकत नाही. माणदेशी माणसे मेंढरे घेऊन जगायला बाहेर पडतात. व्यंकटेश माडगूळकरांनी ती माणसे मराठी साहित्यात कायमची उभी केली आहेत आणि त्यांचे माडगुळे हे गाव याच संस्थानातले. अशा मुलखाचा राजा संगमरवरी पुतळे, युरोपीय चित्रांच्या नकला, हस्तिदंताचे कोरीवकाम जमवीत होता. आमच्यातील अर्थशास्त्राच्या एका मुलाने संग्रहालयाच्या पायऱ्यांवरच हा मुद्दा काढला आणि खाली उतरेपर्यंत तो सोडला नाही. त्याला उत्तर देणे मला जमले नाही. याच तिजोरीतून शाळाही चालत, गरीब विद्यार्थी शिकत. साने गुरुजी विद्यार्थीदशेत काही काळ औंधास होते ते शिक्षणाच्या सोयीसाठीच. पण शाळा होत्या म्हणून पुतळ्यांचा हिशेब मिटत नाही, हेही खरे.

त्या हिशेबाचे एक उत्तर बाळासाहेबांनी स्वतःच आपल्या सत्तराव्या वर्षी दिले, आणि ते चित्रकलेच्या बाहेरचे आहे. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकून आणि बॅरिस्टर होऊन 1937 साली परत आले होते. मॉरिस फ्रिडमन नावाचे पोलिश अभियंते, जे पुढे भारतानंद म्हणून ओळखले गेले, बंगलोरची नोकरी सोडून औंधच्या कामात पडले. 1938 च्या अखेरीस राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे ठरविले. घटनेच्या मसुद्यासाठी मंडळी सेवाग्रामला गांधीजींकडे गेली. 21 जानेवारी 1939 रोजी औंध संस्थानची स्वराज्य घटना जाहीर झाली. गावाने पंचायत निवडावयाची, पंचायतींतून तालुका समिती आणि तिच्यातून विधिमंडळ, अशी तिची खालून वर जाणारी रचना होती. ब्रिटिश हिंदुस्थानात स्वराज्य अजून ठरावांत होते त्या काळात या चार तुकड्यांच्या राज्यात शेतकरी पंच म्हणून बसले. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे भिंती नसलेला तुरुंग याच सुमारास सुरू झाला. त्या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांचा 1957 सालचा ‘दो आँखे बारह हाथ’ निघाला. बेचाळीसच्या चळवळीत कुंडल हे साताऱ्याच्या प्रतिसरकारचे एक ठाणे बनले, त्यालाही संस्थानातील ही मोकळी हवा पोषक ठरली.

राजकारणाच्या अभ्यासकांनी या प्रयोगावर लिहिले आहे. त्याचे गुणदोष सांगण्याचा माझा अधिकार नाही. मला एवढेच दिसते की, ज्या माणसाला आपले काम दुसऱ्याच्या नजरेपुढे मांडण्याची सवय लागलेली असते, त्याला सत्ता मांडून ठेवणेही थोडे सोपे जात असावे. हे कदाचित माझे हौशी अनुमान असेल. 1935 साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, तेही याच सवयीत बसते.

आता संग्रहालय. श्री भवानी संग्रहालय औंधच्या यमाई देवीच्या डोंगरावर, मूळपीठाच्या वाटेवर आहे. 1938 साली ते उघडले. म्हणजे ज्या वर्षी राज्य देण्याचे ठरले त्याच वर्षी चित्रे सर्वांसाठी खुली झाली. इमारतीची पहिली गोष्ट आमच्या छायाचित्रकारांच्या डोळ्यांत भरली ती उजेडाची. दालनांत उजेड उंचावरून, मवाळ होऊन उतरतो. चित्रावर चकाकी येत नाही आणि पाहणाऱ्याची सावलीही पडत नाही. ज्याने कधी भिंतीवर काच लावलेले चित्र टांगले आहे त्याला या सोयीची किंमत कळेल. इमारत बांधवून घेणारा नुसता संग्राहक नव्हता, स्वतः चित्रे काढणारा होता, हे त्या उजेडावरून समजते. आम्ही कॅमेरे पिशवीतच ठेवले.

रविवर्मा येथे आहे. धुरंधर आहेत, ए. एच. म्यूलर आहेत, बंगाली शैलीचे चित्रकार आहेत, पहाडी लघुचित्रांचा एक देखणा संच आहे, युरोपीय चित्रांच्या नकला नि ग्रीक शिल्पांच्या प्लास्टर प्रतिकृती आहेत. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता आणि बालकाचे एक लहानसे दगडी शिल्पही येथे आहे. तो जगप्रसिद्ध होण्यापूर्वीच्या काळातले. खटाव तालुक्यातील एका डोंगरावर मूरचे शिल्प असावे यावर आमच्यातील दोघांचा विश्वास बसेना, त्यांनी पाटी दोनदा वाचली. मूर्तीला नीट नाकडोळे नाहीत, म्हणून एका आजीबाईंनी आपल्या नातवाला पुढे ओढले. तोही न्याय म्हणायचा.

आणि याच इमारतीत बाळासाहेबांची स्वतःची चित्रे आहेत.

हे आम्हांला प्रथम लक्षात आले नव्हते. आमची ती मैत्रीण एका चित्रापुढे बराच वेळ उभी होती आणि नेहमीच्या सवयीने आम्ही तिच्यामागे जाऊन टीका करू लागलो. हात जड झालाय, खांद्याचा जोड चुकलाय, मागचा डोंगर कापडासारखा दिसतोय. मग कोणीतरी पाटी वाचली आणि आम्ही गप्प झालो. राजाचे चित्र म्हणून नव्हे. थोड्या वेळापूर्वी ज्या दालनांतून आम्ही आलो होतो तेथे रविवर्मा आणि धुरंधर होते. तो फरक शेंबड्या पोरालाही दिसावा असा होता. आणि ही सगळी चित्रे एका छपराखाली आणणारा माणूस तोच. त्याला आपली चित्रे राजवाड्यात ठेवता आली असती. तेथे दरबारी मंडळींनी वाहवा केली असती. निदान संग्रहालय बांधताना थोर चित्रकारांची चित्रे तरी न आणता आली असती. त्याने आपल्या चित्रांना मोजण्याची काठी स्वतःच, पदरचे पैसे घालून, विकत आणली आणि ज्याला वाटेल त्याने मोजावे म्हणून दार उघडे ठेवले. अर्थशास्त्रवाल्या मुलाने पदरचे म्हणजे कोणाच्या पदरचे, असे येथेही विचारले. त्याचे बरोबरच होते. पण तोही त्या चित्रापुढून लवकर हलला नाही.

बाळासाहेबांची अखेरची वर्षे सुखाची गेली असे म्हणवत नाही. 1948 च्या जानेवारीत गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतरच्या दंगलींची झळ या सगळ्या भागाला लागली. त्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीचा कारखानाही जाळला गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये संस्थान विलीन झाले आणि नऊ वर्षांच्या स्वराज्य घटनेचाही शेवट झाला. सातवळेकर वयाच्या ऐंशीव्या वर्षी ग्रंथांचा पसारा उचलून गुजरातेत पारडीला गेले. तत्पूर्वी बाळासाहेबांनी आपले आत्मचरित्र लिहून ठेवले होते. 13 एप्रिल 1951 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. अप्पासाहेब पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी गेले. सातवळेकरांचे चिरंजीव माधवराव औंधच्या या वातावरणात वाढून नामवंत चित्रकार झाले आणि राज्याचे कलासंचालकही. संग्रहालय आज सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे.

सगळी दालने आमची पाहून झाली नाहीत. हस्तिदंताच्या दालनात आम्ही नुसते डोकावलो, कारण साताऱ्याकडे जाणारी गाडी चुकली असती तर मुक्कामच पडला असता. डोंगर उतरताना पायऱ्यांशी नारळ-फुले विकणारी एक बाई बसली होती. मैत्रिणीने पिशवीतून कॅमेरा काढला, मग तो हातात धरूनच तिच्याशेजारी बसली आणि गाव, मुलेबाळे, धंदा कसा चालतो असे बोलत राहिली. आम्ही खालून हाका मारीत होतो. गाडीत बसल्यावर चित्र काढलेस का म्हणून विचारले, तर दोन काढली म्हणाली आणि बाईंना एक प्रत पाठवायची आहे, पत्ता लिहून घेतला आहे, असे सांगून खिडकीकडे वळली. पुढच्या शनिवारी ती बैठकीला आली. प्रत अजून टेबलावर आलेली नाही. आधी बाईंना पोचू दे, असे तिचे म्हणणे आहे.